मुंबईतल्या एकांड्या माश्या: सुरुवात फुलापासून नको, घरट्यापासून कर

ठाण्याची एक विद्यार्थिनी, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतेय, विचारते: ‘रानटी मधमाश्यांची विविधता आणि उत्क्रांती हा विषय प्रबंधाला घ्यायचा आहे. पण मुंबईत आग्या आणि सातेरी सोडून मिळणार काय? डीएनएची प्रयोगशाळा हाताशी नसताना उत्क्रांतीचा अभ्यास होतो का? आणि किती जाती सापडल्या म्हणजे प्रबंध पुरेसा?’

तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची, म्हणून सरळ अगं-तुगं करते.

तुझ्या प्रश्नातला पहिला घोळ तुझा नाही, आपल्या भाषेचा आहे. मराठीत मधमाशी म्हटलं की मध आला, पोळं आलं, राणी आली. पण जगात या गटाच्या २०,००० हून जास्त जाती नोंदलेल्या आहेत, भारतात सातशेच्या आसपास, आणि त्यातल्या बहुतेकींच्या घरी मध नाही, पोळं नाही, राणीही नाही. एकटी आई, तिचं एक बीळ, त्यात पाच-दहा पिल्लं, की झाला संसार. अशा माशीला मराठीत धड नावच नाही. मी ‘एकांडी माशी’ म्हणते. आमच्या कॉलेजातले प्रयोगशाळा-सहायक तिला ‘मॅडमची माशी’ म्हणत, कारण तिच्यासाठी भिंतीला नाक लावून उभी राहणारी दुसरी कोणी त्यांनी पाहिली नव्हती.

आग्या, सातेरी, फुलोरी आणि जुन्या इमारतींच्या भिंतीतून काळपट मेणाची नळी बाहेर काढून राहणारी, नांगी नसलेली पोयाची माशी, या चौघींना सध्या बाजूला ठेव. चांगल्या आहेत, पण त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मुंबईतलं न झालेलं काम एकांड्या माश्यांचं आहे.

आणि ते फुलापासून सुरू करू नकोस. जाळी घेऊन फुलाफुलांवर धावणं हा सगळ्यांचा पहिला हंगाम असतो, माझाही होता. फुलावर माशी मिळते, पण ती कोण, कुठून आली, कशी जगते हे कळत नाही. फूल हे तिचं बाजाराला जाणं झालं. तिचं घर बघ. माशीमाशीत जो फरक आहे तो बराचसा घर बांधण्याच्या रीतीत आहे, आणि घर डोळ्यांनी वाचता येतं. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

घरी खिडकीच्या कोपऱ्यात कुंभारणीचं मातीचं घरटं असेलच. ते हलक्या हाताने फोड. आत कोळी निघाले, जिवंत पण लुळे पडलेले, तर ती कुंभारीण आपल्या एकांड्या माशीच्या जवळच्या नात्यातली. हिरव्या अळ्या निघाल्या तर ती दुसरी कुंभारीण, छपराला कागदी पोळं टांगणाऱ्या गांधीलमाशीच्या कुळातली. दोघी मातीचंच बांधतात, दोघी सारख्याच दिसतात, पण नात्याने लांबच्या. कोळीवाली कुंभारीण गांधीलमाशीपेक्षा मधमाशीला जास्त जवळची आहे, हे वर्गात सांगितलं की पोरं माझ्याकडे संशयाने बघतात.

आता गुलाबाच्या कुंडीकडे ये. पानांच्या कडा नाण्याच्या आकारात सफाईने कापलेल्या दिसल्या की लोक औषध फवारायला निघतात. ती कीड नव्हे, पान कापणारी माशी, मेगाकायली. तिचं घरटं कुठे असेल? ग्रिलच्या पोकळ पाइपात, एसीच्या ड्रिल केलेल्या भोकात, बांबूच्या टोकात. ते उघडलंस तर पानांच्या तुकड्यांची एकात एक बसवलेली नळकांडी मिळतील, विडीसारखी वळलेली, आणि प्रत्येकात पराग नि मधुरसाचा ओलसर पिवळा गोळा, त्यावर एक अंडं. कुंभारणीच्या घरात त्याच जागी कोळी होता. खोली तीच, अंडं तसंच, शिदोरी तेवढी बदलली. माशी म्हणजे शाकाहारी झालेली कुंभारीण, असं मी सांगते. हा बदल अंदाजे १२ कोटी वर्षांपूर्वीचा. २०१८ साली डीएनएवरून असं दिसलं की माश्यांचे सर्वांत जवळचे नातेवाईक म्हणजे फुलकिडे पकडणाऱ्या अगदी इवल्या शिकारी माश्यांचा एक गट. फुलकिडे फुलात राहतात, परागाने माखलेले असतात. पिल्लाला फुलकिडा भरवता भरवता पराग पोटात जायला लागला आणि हळूहळू फुलकिडाच गळला, असा तर्क आहे. सिद्ध झालेला नाही, पण मला पटतो.

डीएनएशिवाय उत्क्रांती कशी, याचं उत्तर याहून चांगलं मला एका काडीत मिळालं. आरेच्या रस्त्याकडेला, येऊरच्या पायथ्याला घाणेरी कापून टाकलेली असते. तिच्या वाळक्या, तुटक्या काड्या बघ. मध्ये भुसभुशीत गाभा असतो आणि टोकाला कधीकधी पेन्सिलीच्या शिशाएवढं गोल भोक दिसतं. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, त्या भोकाला कापूस लावून काडी घरी आण आणि ब्लेडने उभी चीर. कधी आत सेराटिना असते, मोराच्या मानेसारखी चमकणारी हिरवी किंवा काळी-पिवळी, आठेक मिलिमीटरची. तिने गाभ्याच्या भुशाचे पडदे घालून ओळीने खोल्या केलेल्या असतात, प्रत्येकीत एक गोळा, एक पिल्लू. एकदा भिंगाखाली बघत बसले होते, तर आई आतला पडदा उकरून पिल्लाला बघून आली आणि पडदा पुन्हा लिंपला. पुढच्या काडीत ब्राउनसॅपिस निघते, मुंगीएवढी काळी, चेहऱ्यावर पांढरट खूण. तिच्या काडीत पडदेच नाहीत. अंडी, लहान अळ्या, मोठ्या अळ्या, कोष, सगळे एकाच नळीत दाटीवाटीने, चाळीतल्या खोलीसारखे, आणि आई रोज थोडं थोडं आणून भरवते. कधीकधी आत दोन-तीन प्रौढ माद्या सापडतात. त्यातली एक अंडी घालते, बाकीच्या हातभार लावतात.

यात काय दिसलं ते नीट लक्षात घे. एकटीने शिदोरी भरून, दार बंद करून निघून जाणं आणि पिल्लाला रोज भरवणं, यांच्या मधल्या पायऱ्या तुझ्या हातातल्या दोन काड्यांत आहेत. समाज करून राहणं कसं सुरू झालं असेल हा उत्क्रांतीतला मोठा प्रश्न. त्यासाठी सगळे सातेरीच्या पेटीत डोकावतात, आणि तिथे तर गोष्ट कधीच संपलेली आहे.

या दोघींची मोठी बहीण म्हणजे आपला भुंगा, झायलोकोपा. तिघी एकाच उपकुळातल्या. लाकूड कोरणारा भुंगा कमळाच्या कोवळ्या पाकळीत अडकतो, हा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात छोटी दुरुस्ती: कोरते ती मादी. नर लाकडाला तोंड लावत नाही, त्याला नांगीही नसते, तरी माणसांच्या तोंडावर घोंघावून आपण फार भयंकर असल्याचं दाखवतो. मुंबईत सर्रास दिसणाऱ्या झायलोकोपा एस्टुअन्सची मादी काळी, पाठीवर पिवळी लव, आणि नर अख्खा सोनेरी-पिवळसर. इतके वेगळे की नवखा माणूस दोन जाती लिहून मोकळा होतो. फोटो टाकून ‘बंबलबी सापडली’ म्हणणाऱ्यांना तर मी उत्तर देणं सोडलंय. बंबलबी ही थंड हवेतली केसाळ माशी, तिच्यासाठी हिमालयात जावं लागतं. मेलेली मादी मिळाली तर भिंगाखाली पोट छातीला जिथे जुळतं तिथे बघ. पोटाच्या पहिल्या भागात एक कोनाडा असतो आणि त्यात माइट, म्हणजे गोचिडीच्या नात्यातले बारीक जीव, खच्चून बसलेले असतात. ते तिच्याबरोबर नव्या घरट्यात उतरतात. भाडेकरूंसाठी अंगातच खोली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रात्रभर त्याच विचारात होते.

भीमाशंकरच्या जंगलात भुंग्यांच्या तीन जातींच्या डोळ्यांवर काम झालं आहे. एक दिवसा उडते, एक तिन्हीसांजेला आणि पहाटे, आणि तिसरी, झायलोकोपा ट्रॅंक्वेबॅरिका, अमावास्येच्या रात्रीही. नुसत्या चांदण्यांच्या उजेडात ती रंग ओळखते, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. वारसाच्या पांढऱ्या फुलांवर रात्री कोण येतं ते पाहायला बसलेल्या संशोधकांच्या चिकाटीतून हे सगळं निघालं, हे मुद्दाम सांगते. आपल्याच सह्याद्रीतलं काम आहे, मन लावून वाच.

भुंग्यांचं आणि मुंबईचं आणखी एक नातं आहे. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असशील, काळ्या दगडाचे उभे खांब. हा मुंबईचा दगड साधारण सहा-साडेसहा कोटी वर्षांचा, दख्खनच्या लाव्ह्याचा. डायनासोर गेले तो काळ याच्या आगेमागेचा. भुंगा, सेराटिना, ब्राउनसॅपिस यांच्या उपकुळाचा डीएनएवरून काढलेला वंशवृक्ष २०१३ मध्ये छापून आला. त्यात नेमकं त्या सुमाराला फांद्या फुटणं थांबल्यासारखं दिसतं, मग पुन्हा फुटवा येतो. म्हणजे त्या संकटात माश्यांनाही मोठा फटका बसला असावा. माश्यांचे जीवाश्म फार कमी, म्हणून असे पुरावे डीएनएतून काढावे लागतात. पण आपल्या शेजारी एक अपवाद आहे. सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या राळेचे खडे मिळाले, त्यात अडकलेल्या माश्या आहेत, आणि त्यांचे नातेवाईक युरोपातल्या बाल्टिक राळेत सापडतात. भारताचा तुकडा आशियाला भिडण्याच्या त्या काळात आपले किडे जगापासून तुटलेले नव्हते, हे त्यावरून कळतं.

आता मुंबईच्या अडचणीकडे. ती आहे पाणी. साधारण समज असा की जंगल जितकं दाट नि ओलं, तितक्या जाती जास्त. माश्यांचं उलटं आहे. जगात त्यांची सर्वाधिक विविधता कोरड्या, उघड्या, भूमध्य समुद्रासारख्या हवेच्या प्रदेशांत मिळते. कारणांपैकी एक घरट्यातच आहे. बहुतेक माश्या जमिनीत बीळ करतात, आणि ओल्या जमिनीत परागाच्या गोळ्याला बुरशी धरते. म्हणून हॅलिक्टिड कुळातल्या माद्या खोलीला आतून ग्रंथीतल्या स्रावाचा अस्तर लावतात, मातीच्या माठाला आतून मेण फासावं तसं. कोलेटीस नावाची एकांडी माशी तर चक्क पॉलिएस्टरसारखं पातळ पटल बनवते. जून ते सप्टेंबर चार महिने भिजणाऱ्या मुंबईत जमिनीत राहणारी माशी टिकते कशी, पावसाळा ती कुठल्या अवस्थेत काढते, किती खोल, कुठल्या उताराला? हा तुझा प्रबंध होऊ शकतो. मला स्वतःला तो करायचा होता.

करायचा होता आणि राहिला, त्याचं कारण पेव्हर ब्लॉक. पूर्व उपनगरातल्या एका सोसायटीच्या मागे, पाण्याच्या टाकीशेजारी, उघड्या मुरुमाचा एक पट्टा होता. तिथे नोमिया गटातल्या, पोटावर मोत्याच्या रंगाचे पट्टे असलेल्या माश्यांची वस्ती मला सापडली. प्रत्येक भोकाभोवती रव्यासारख्या मातीची रास. मोजायला बसले आणि चाळीसच्या पुढे सोडून दिलं. सेक्रेटरींना भेटले, माश्या चावत नाहीत हे त्यांच्यासमोर हातावर घेऊन दाखवलं, ते ‘वा वा’ म्हणाले. दिवाळीनंतर गेले तर सगळं लाल-करड्या ब्लॉकने झाकलेलं. दोन-तीन माश्या फटींवर घिरट्या घालत होत्या. मुंबईत माश्यांसाठी फुलझाडं लावा असं सगळे सांगतात. लावा, चांगलंच आहे. पण फुलं या शहरात अजून आहेत. उघडी माती आणि वाळकं लाकूड उरलेलं नाही, आणि ते ठेवा म्हटलं की लोकांना ती अस्वच्छता वाटते. मेलिफेराच्या, म्हणजे परदेशी पाळीव मधमाशीच्या, पेट्या गच्चीवर ठेवून ‘माश्या वाचवतो’ म्हणणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

कामाची रीत थोडक्यात सांगते, बाकी शिकवणाऱ्याबरोबर दोन दिवस फिरल्याशिवाय येत नाही. बांबूच्या बारीक कांड्या घे, आतलं भोक ४ ते १० मिलिमीटर, लांबी वीतभर, एक टोक गाठीने बंद. प्रत्येक कांडी आधीच उभी चिरून दोन फाका कर आणि रबर बँडने पुन्हा बांध. मग हवी तेव्हा उघडून बघता येते, बंद करता येते. पंधरा-वीस कांड्यांची मोळी पाऊस लागणार नाही अशी टांग, दोरीला ग्रीस लाव, नाहीतर मुंग्या सगळं खाऊन जातील. मेगाकायलीची नळी भरली की क्रम नोंदव. आतल्या खोल्यांत मुली असतात, दाराशी मुलगे, कारण मुलगे आधी बाहेर पडतात. आई अंडं फळवून घातलं तर मुलगी, तसंच घातलं तर मुलगा, आणि ते ती ठरवते. मुलीच्या खोलीतला गोळा मोठा असतो, वजन करून बघ. एखाद्या खोलीतून टोकदार पोटाची कोएलिओक्सिस बाहेर आली तर दचकू नकोस, ती कोकिळेच्या जातीची, दुसऱ्याच्या घरात अंडं घालणारी. तशीच निळ्या ठिपक्यांची थायरियस, निळ्या पट्ट्यांच्या अमेजिलाच्या बिळात शिरणारी. अमेजिलाचे नर संध्याकाळी एकाच वाळक्या काडीवर ओळीने, जबड्याने काडी धरून झोपतात. सातनंतर टॉर्च घेऊन गेलीस तर जाळीशिवाय मोजता येतात.

रंगीत वाट्यांत साबणाचं पाणी ठेवून माश्या पकडायची पद्धत पुस्तकात असते. संजय गांधी उद्यानाच्या कडेला मी ठेवल्या, माकडांनी पिवळ्या तेवढ्या पळवल्या. उद्यानात काहीही गोळा करायचं तर वन विभागाची लेखी परवानगी आधी, आणि ती मिळायला वेळ लागतो, म्हणून आजच अर्ज कर. माझा पहिल्या वर्षाचा सगळा संग्रह जुलैत बुरशीने गेला. डब्यात सिलिका जेल नव्हतं आणि लेबलं बॉलपेनने लिहिलेली, ती पसरली. कुठे, कधी, कोणत्या फुलावर वा काडीत, हे ज्या माशीखाली लिहिलेलं नाही ती टाकून दे. एक पाय ९५ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळा ठेव. पुढे कोणी डीएनए काढायला तयार झालं तर तेवढा पुरतो.

ओळख पटवायला अजूनही भारतातल्या माश्यांवरचा बिंगहॅमचा १८९७ चा खंड उघडावा लागतो, हे लाजिरवाणं आहे पण खरं आहे. त्यातली बरीच नावं बदलली आहेत, अँथोफोरा झोनाटा म्हणजे आताची अमेजिला झोनाटा. त्यामुळे नाव तिथून घेऊन तसंच छापू नकोस. कुळापर्यंत यायला भिंग पुरतं. मेगाकायली पराग पोटाखाली वाहते, बाकीच्या बहुतेक मागच्या पायांवर. मादीच्या मिशीचे १२ भाग, नराचे १३. लासिओग्लोसमच्या बारीक माश्यांपुढे मात्र हात टेक. फोटोवरून त्यांची जात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस.

कारवीबद्दल तू विचारलं नाहीस, पण विचारशील. संजय गांधी उद्यानात ती २०१६ ला फुलली, मग २०२४ ला. आठ वर्षांनी एकदा. फुलांचा पूर आला की सगळ्या तिथे धावतात, आणि प्रबंधासाठी तो मोह भारी असतो. पण एकांडी माशी प्रौढ म्हणून काही आठवडेच जगते. जी फक्त कारवीवर अवलंबून राहील तिचा वंश मधल्या सात वर्षांत संपेल. त्यामुळे तिथे येणाऱ्या सगळ्या इतर वेळी दुसरीकडे जेवणाऱ्याच असणार. त्यापेक्षा परसातलं वांगं बघ. वांग्याचा पराग टोकाच्या बारीक भोकातून पडतो. सातेरीला तो नीट काढता येत नाही. भुंगा फुलाला घट्ट धरतो, पंख मिटून छाती थरथरवतो, आवाजाची पट्टी एकदम वर चढते आणि पराग मीठदाणीतून पडावा तसा त्याच्या पोटावर झडतो. कान जवळ नेलास तर डोळे मिटूनही सांगता येतं की फुलावर सातेरी आहे की भुंगा.

किती जाती पुरेत? तुझे मार्गदर्शक पन्नास मागतील. पन्नास नावांच्या यादीत तीसपुढे ‘जात अनिश्चित’ लिहावं लागतं, मी असे बरेच प्रबंध तपासले आहेत. सहा जातींची घरटी पावसाळ्याच्या आधीपासून फेब्रुवारीपर्यंत नीट नोंदवलीस, खोल्या, पराग, पाहुणे, नर-मादी, तर तोंडी परीक्षेत तुला अडवायला कोणी मिळणार नाही. मोळ्या मेअखेर टांग. एक ठाण्यातल्या गच्चीवर, एक येऊरच्या एखाद्या घराच्या पडवीत, घरच्यांना विचारून. पहिली नळी मातीने बंद झाली तर घाईने माशीच्या खात्यात लिहू नकोस, फाका उघडून आत कोळी आहेत का ते आधी बघ.